भरती-ओहोटीशी घड्याळ जुळवताना : रेल्वेच्या आगबोटींच्या वाटेवर पाच दिवस

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर अनेक बंदरांत रूळ पार धक्क्याच्या टोकापर्यंत गेलेले असायचे. पुढची वाट आगबोटीची, आणि ती बोटही रेल्वे कंपनीचीच. तिकीट एकच, बोटीच्या धुराड्यावर रेल्वेचे रंग, बोटीचा कप्तान रेल्वेचा पगारी नोकर. १८४५ च्या सुमारास सुरू झालेला हा प्रकार १९८४ साली ब्रिटिश रेल्वेच्या 'सीलिंक' बोटी खासगी मालकाला विकल्या जाईपर्यंत चालला. गाडी घड्याळावर चालते आणि समुद्र चंद्रावर, म्हणून ही दोन्ही वेळापत्रकं जुळवण्यात या कंपन्यांचा सगळा पैसा आणि सगळी अक्कल लागली. त्या खटाटोपाच्या खुणा आजही जागोजागी दिसतात.

दिवस पहिला : चेरिंग क्रॉस ते फोकस्टन

लंडनहून फोकस्टनला सेंट पँक्रसची जलद गाडी तासाभरात पोचवते, पण या प्रवासासाठी ती घेऊ नका. चेरिंग क्रॉसहून टनब्रिज, ॲशफर्डमार्गे जाणारी हळू गाडी घ्या. फ्रान्सच्या बुलोन बंदराहून येणाऱ्या बोटीचे प्रवासी याच रुळांवरून लंडनला यायचे. स्टेपलहर्स्ट स्टेशन गेलं की हेडकॉर्न यायच्या आधी गाडी बूल्ट नावाच्या लहानशा नदीवरून जाते. पूल इतका बुटका आहे की लक्ष नसेल तर कळतही नाही.

९ जून १८६५ रोजी या पुलावर लाकडी तुळया बदलायचं काम चालू होतं आणि ४२ फूट रूळ उचलून ठेवलेले होते. फोकस्टनहून येणाऱ्या गाडीला 'टायडल ट्रेन' म्हणत, म्हणजे भरतीची गाडी. फोकस्टन बंदरात पाणी भरल्याशिवाय बोट आत येत नसे, त्यामुळे बोटीची वेळ रोज बदलायची आणि तिच्यामागे गाडीचीही. मुकादमाकडे त्या गाडीचं तारीखवार वेळापत्रक होतं, पण त्याने चुकीच्या दिवसाची ओळ वाचली. त्याच्या हिशेबाने गाडी ५ वाजून २० मिनिटांनी येणार होती. ती आली तीननंतर थोड्याच वेळात. लाल बावटा घेतलेला माणूस १००० यार्डांवर उभा हवा होता, तो ५५४ यार्डांवरच होता. तेवढ्या अंतरात गाडी थांबणं शक्य नव्हतं. दहा माणसं गेली. लेखक चार्ल्स डिकन्स याच गाडीत होते. त्यांचा डबा पुलाच्या कडेला लोंबकळत राहिला, आणि तिथून बाहेर पडून ते जखमींना पाणी देत फिरले. रोज बदलणारी वेळ किती धोक्याची असते हे या एका ओळीच्या चुकीतून दिसतं.

फोकस्टन सेंट्रलहून बंदर चालत २५ मिनिटांवर, सगळा उतार. निघण्याआधी ओहोटीची वेळ बघून घ्या आणि पहिली फेरी ओहोटीलाच मारा. आतलं बंदर तेव्हा पूर्ण कोरडं पडतं. मासेमारीच्या होड्या चिखलात कुशीवर कलंडलेल्या असतात, दोर सैल पडलेले, भिंतीवर शेवाळाची हिरवी रेघ माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर. पाणी कुठवर चढतं ते ती रेघ सांगते. साउथ ईस्टर्न रेल्वेने १८४३ साली दिवाळ्यात निघालेलं हे बंदर १८,००० पौंडांना विकत घेतलं, तेव्हा त्यांच्यासमोर हेच दृश्य होतं.

दुसरी अडचण उंचीची. मुख्य लोहमार्ग डोंगरावर आणि बंदर खाली, म्हणून जोडमार्गाचा चढ ३० ला १ ठेवावा लागला. आपल्या खंडाळ्याच्या घाटात तो ३७ ला १ आहे, यावरून कल्पना येईल. बोटीवरून उतरलेल्या प्रवाशांची भरलेली गाडी वर न्यायला बुटकी टँक इंजिनं पुढे-मागे लावत. जड गाडीला अशी तीन-चार इंजिनं लागायची. १९६१ साली वीज आली तेव्हा ही ढकलाढकली थांबली.

आता त्या मार्गावरून पायी जाता येतं. बोटींना वाट देण्यासाठी बाजूला फिरणाऱ्या जुन्या पुलावरून धक्क्याकडे गेलं की जुनं फोकस्टन हार्बर स्टेशन लागतं. वळणदार फलाट आणि छत नीट दुरुस्त केलंय, रुळांच्या मधोमध झाडं लावलीत. रूळ मात्र जागचे हलवलेले नाहीत, हे फार बरं केलं. पुढे 'हार्बर आर्म', म्हणजे समुद्रात गेलेला लांबलचक धक्का, आणि टोकाला दीपस्तंभ. पहिल्या महायुद्धात लाखो सैनिक इथून फ्रान्सला गेले. १२ सप्टेंबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेसाठी येणारे गांधीजी मार्सेयहून रेल्वेने आणि पुढे बोटीने येऊन फोकस्टनलाच उतरले.

धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका आजोबांच्या बादलीत सात-आठ बांगडे होते. आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, पण पाठीवर निळ्याकाळ्या नागमोडी पट्ट्या. पाणी वळायच्या अर्ध्या तासात मासा सगळ्यात जास्त लागतो, असं त्यांचं म्हणणं. बंदराजवळच्या टपरीवर शिंपल्या आणि उकडलेले समुद्री गोगलगाईसारखे 'व्हेल्क' मिळतात. कागदी वाटीत, वर व्हिनेगर आणि पांढरी मिरपूड. व्हेल्क चिवट असतात, खूप चावावे लागतात. तिसऱ्यांची सवय असलेल्याने आधी 'कॉकल' घ्यावेत.

सुरुवातीला रेल्वेला बोटी थेट का चालवता येत नव्हत्या, हेही इथेच सांगायला हवं. कंपनीला संसदेने रूळ टाकायची परवानगी दिलेली होती, जहाजं चालवायची नव्हे. म्हणून साउथ ईस्टर्नच्या मंडळींनी १८४५ मध्ये वेगळी आगबोट कंपनी काढली आणि १८५३ साली तिच्या बोटी रेल्वेच्या नावावर घेतल्या. इतर रेल्वेही अशाच मागच्या दाराने समुद्रावर गेल्या आणि मग एकेक करून रीतसर परवानगी मिळवत गेल्या.

दिवस दुसरा : डोव्हर

फोकस्टन ते डोव्हर गाडीने दहा-पंधरा मिनिटं. समुद्राच्या बाजूची, म्हणजे उजवीकडची खिडकी धरा. खडूच्या कड्यांतल्या बोगद्यांमधून गाडी पाण्याला चिकटून जाते.

डोव्हरला दोन रेल्वे एकमेकींच्या उरावर बसलेल्या होत्या. साउथ ईस्टर्न १८४४ साली पोचली, लंडन चॅटम अँड डोव्हर १८६१ ला, आणि लवकरच पलीकडच्या फ्रेंच बंदराच्या, कॅलेच्या, टपालाचा ठेका चॅटमवाल्यांनी पटकावला. या टपालाशी मुंबईचा थेट संबंध होता. १८७० पासून विलायतेची डाक शुक्रवारी संध्याकाळी लंडनहून निघायची. डोव्हर-कॅले रेल्वेच्या बोटीने, मग फ्रान्स आणि इटलीतून रेल्वेने ब्रिंदिसीपर्यंत, तिथून जहाजाने सुएझमार्गे मुंबई. इंग्लिश खाडीत तासभर उशीर झाला तर पुढे सगळा यूरोपभर तो भरून काढत बसावं लागे.

डोव्हर प्रायरी स्टेशनपासून ॲडमिरल्टी पिअर पाऊण तासाच्या आत चालत गाठता येतो. वाऱ्याला तिथे आडोसा नाही. धक्का उघडा आहे का याची आधी चौकशी करा, जोराच्या वाऱ्यात फाटक बंद ठेवतात. पूर्वी गाड्या याच उघड्या धक्क्यावर येत आणि प्रवासी लाटांनी भिजत बोटीत चढत. त्यावर उपाय म्हणून धक्का रुंद करून डोव्हर मरीन स्टेशन बांधलं. २ जानेवारी १९१५ पासून ते वापरात आलं ते जखमी सैनिकांच्या गाड्यांसाठी. साध्या प्रवाशांना १९१९ उजाडावं लागलं. १९९४ साली रेल्वे बंद झाली आणि आता ती इमारत क्रूझ जहाजांची आहे. जहाज लागलेलं असेल त्या दिवशी आत जाणं अवघड. आत रेल्वे कर्मचाऱ्यांचं युद्धस्मारक आहे, त्यासाठी आधी विचारून जावं.

या धक्क्याला १९०३ च्या जूनमध्ये 'द क्वीन' लागली. डम्बार्टनच्या डेनी कारखान्यात बांधलेली, पार्सन्सच्या टर्बाइनवर चालणारी ही खाडीवरची पहिली बोट. आधीच्या बोटी चाकांच्या. बोट डोलली की एक चाक पाण्यात खोल आणि दुसरं हवेत, त्यामुळे बोट वाकडी ओढली जाई. शिवाय दट्ट्याच्या इंजिनाचे हादरे सगळ्या बोटभर. टर्बाइनला पुढे-मागे होणारा दट्ट्याच नाही, वाफेच्या झोताने पाती गरगर फिरतात आणि बोट कापत नाही. दोष एवढाच की टर्बाइन उलटं फिरत नाही. लहानशा बंदरात मागे येणं तर रोजचंच, म्हणून बाजूच्या दोन दांड्यांवर मागे जाण्यासाठी वेगळी टर्बाइनं बसवावी लागली. ताशी २१ सागरी मैलांहून जास्त वेग असलेली ही बोट १९१६ च्या ऑक्टोबरात जर्मन विनाशिकांनी बुडवली.

१५ मे १९२९ ला 'गोल्डन ॲरो' सुरू झाली. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाहून आलिशान पुलमन डब्यांची गाडी, डोव्हरला 'कँटरबरी' ही खास तिच्यासाठी बांधलेली बोट, कॅलेला फ्रेंच गाडी. लंडन ते पॅरिस साडेसहा तासांच्या आसपास. सामानाची युक्ती मला सर्वांत आवडते. नोंदवलेलं सामान मोठ्या पेट्यांत भरून त्या पेट्या चाकांच्या वॅगनीवरून यारीने उचलून बोटीत ठेवत. हमालांची ओढाताण वाचली आणि वेळही. ज्या व्हिक्टोरिया स्थानकावर या गाड्या सुटत, ते मराठी माणसाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून आलेल्या सावरकरांना तिथेच अटक झाली.

भरती-ओहोटीशी सगळ्यात मोठी झुंज मात्र 'नाइट फेरी' या लंडन-पॅरिस रात्रीच्या गाडीची. इथे प्रवासी गाडीतून उतरून बोटीत चढत नव्हता, झोपायचा डबाच बोटीत चढत होता. डोव्हरला उधाणाच्या दिवशी पाणी सहा मीटरच्या आसपास वर-खाली होतं. बोटीतले रूळ आणि किनाऱ्यावरचे रूळ एका पातळीत आले नाहीत तर डबे ढकलणार कसे? म्हणून दार असलेली गोदी बांधायचं ठरलं. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पंपाने पाणी वाढवून किंवा काढून पातळी जुळवायची, मग रुळांचा पूल बोटीच्या मागच्या बाजूवर टेकवायचा. खोदायला घेतलं तेव्हा खाली भेगाळलेला खडू निघाला. पंप कितीही चालवले तरी पाणी भेगांतून परत येई. शेवटी कोरडी जागा करण्याचा नाद सोडून पाणबुडे उतरवले आणि पाण्याखालीच काँक्रीट ओतलं. 'ट्विकनहॅम फेरी', 'हॅम्प्टन फेरी' आणि 'शेपर्टन फेरी' या तिन्ही बोटी १९३४ ला तयार होत्या, पण गोदीपायी दोन वर्षं नुसत्या उभ्या राहिल्या. पहिली गाडी १४ ऑक्टोबर १९३६ ला गेली. पलीकडचं बंदर कॅले न निवडता डंकर्क निवडलं, कारण तिथे दारांच्या गोद्या आधीपासून होत्या.

बोटीत चार रूळ. डबे डाव्या-उजव्या बाजूला आळीपाळीने चढवायचे, नाहीतर बोट कलते. मग प्रत्येक डबा साखळदंडांनी जमिनीला जखडायचा. झोपलेल्या माणसाला गाडीचा आवाज सोसायचा, हा साखळ्यांचा खणखणाट मात्र हमखास उठवायचा. ३१ ऑक्टोबर १९८० ला शेवटची गाडी गेली. या गाडीचा निळा स्लीपर डबा यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

रात्री 'डोव्हर सोल' खाल्ला. हा म्हणजे कोकणातला लेपा, पण जाड आणि घट्ट मांसाचा. लोण्यात भाजलेला, वर लिंबू. काटा मधोमध एकच, तो सुरीने अख्खा उचलून निघतो.

दिवस तिसरा : न्यूहेवनहून दिएप

डोव्हर ते न्यूहेवन गाड्या बदलत तीन तास लागतात. बोट न्यूहेवन टाउन स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर. मरीन नावाचं जुनं बोट-स्टेशन बंद झालंय, नकाशात ते दिसलं तरी तिकडे वळू नका. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा हवा, आणि ब्रिटनचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा आहे याची खात्री करा. या मार्गावर फ्रेंच तपासणी दिएपला उतरल्यावर होते, डोव्हरला ती बोटीत चढण्याआधीच होते.

चार तासांचा प्रवास. त्या दिवशी नैर्ऋत्येचा वारा होता आणि बोट लागलेली माणसं पहिल्याच तासात दिसू लागली. ज्यांना त्रास होतो त्यांनी गोळी सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी, मधल्या भागात खालच्या मजल्यावर बसावं आणि पोट अगदी रिकामं ठेवू नये. याच त्रासाने पोलादवाले हेन्री बेसेमर इतके हैराण झाले की त्यांनी झुलत्या दिवाणखान्याची बोट बांधली. बोट डोलली तरी दिवाणखाना सरळ राहावा म्हणून एक माणूस पाणसळीकडे बघत हायड्रॉलिक दांडे हलवायचा. मे १८७५ मध्ये ती कॅलेच्या धक्क्यावर जाऊन आदळली, हळू वेगात सुकाणू ऐकेना. ती रेल्वेची बोट नव्हती. चॅटम रेल्वेने मात्र जोडनावेसारखी दोन सांगाड्यांची 'कॅले-डूव्र' घेतली. ती डोलायची कमी, पण कोळसा भरमसाट खायची.

न्यूहेवनपासून आठेक मैलांवर ६ नोव्हेंबर १९१० च्या रात्री ब्रायटन रेल्वेची 'ब्रायटन' आणि जर्मन 'प्रॉयसन' यांची टक्कर झाली. 'प्रॉयसन' पाच डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज होतं, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. वाफेच्या बोटीने शिडाच्या जहाजाला वाट द्यायची हा नियम. पण शिडाचं जहाज इतक्या वेगाने येईल असं 'ब्रायटन'च्या कप्तानाला वाटलं नाही आणि त्याने पुढून काढायचा प्रयत्न केला. दोष त्याच्यावर आला. 'प्रॉयसन' पुढे वादळात डोव्हरच्या पूर्वेला क्रॅब बेच्या खडकांवर गेलं. मोठ्या ओहोटीला त्याच्या फासळ्या अजून दिसतात.

दिवस चौथा : दिएप, आणि धुक्यातून परत

बोट गावाबाहेर कड्याखाली लागते. तिथून जुन्या बंदरापर्यंत अर्धा तास चाल. १९९४ पर्यंत बोटी गावातच, घरांच्या दारात लागत आणि पॅरिसची गाडी हॉटेलांसमोरच्या रस्त्यावरून सावकाश यायची. शनिवारी गेलात तर ग्राँद रू भर बाजार भरतो. आम्ही मुद्दाम तोच दिवस धरला होता. लोणी, चीज, सफरचंदाची सायडर, आणि शिंपल्यांतले स्कॅलॉप.

इथली खासियत म्हणजे 'मार्मित दिएप्वाज'. छोट्याशा खानावळीतल्या बाईंनी ती झाकण असलेल्या मातीच्या भांड्यातच आणून ठेवली. सोल, टर्बो, शिंपल्या, एखादं स्कॅलॉप, आणि रस्सा साय, लोणी, पांढरी वाइन यांचा. तिखट औषधालाही नाही, पण माशाची चव स्वच्छ लागते. रस्सा फाटू नये म्हणून साय सगळ्यात शेवटी, भांडं आचेवरून उतरवताना घालतात, असं त्यांनी सांगितलं. नारळाच्या दुधाचं आपलंही तेच.

'ससेक्स' ही मूळची याच मार्गाची बोट. २४ मार्च १९१६ ला ती फोकस्टनहून दिएपला येत असताना पाणबुडीचा टॉर्पेडो लागून पुढचा भाग उडाला. स्पॅनिश संगीतकार एन्रिके ग्रानादोस पत्नीला वाचवायला पाण्यात उतरले आणि दोघंही गेले. उरलेली बोट बुडाली नाही. आतली आडवी भिंत टिकली आणि तिला बुलोनला ओढत नेलं.

परतताना मधल्या समुद्रात धुकं उतरलं. भोंगा ठराविक अंतराने वाजत राहिला. रडार नसताना हे काय असेल, याचं उत्तर 'स्टेला'च्या गोष्टीत आहे. साउथॅम्प्टनहून चॅनल बेटांकडे लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेच्या बोटी जात, वेमथहून ग्रेट वेस्टर्नच्या. दोघींत पहिलं कोण पोचतं याची चुरस. ३० मार्च १८९९ ला ईस्टरच्या सुटीची गर्दी घेऊन 'स्टेला' धुक्यातही वेग फारसा न उतरवता गेली आणि कास्केट्सच्या खडकांवर आदळून आठ मिनिटांत बुडाली. शंभरावर माणसं गेली. मेरी ॲन रॉजर्स या बोटीवरच्या स्ट्युअर्डेसने, म्हणजे प्रवाशांची देखभाल करणाऱ्या बाईंनी, स्वतःचं लाइफबेल्ट प्रवाशाला दिलं. त्यांचं स्मारक साउथॅम्प्टनला आहे. त्याच वर्षी दोन्ही रेल्वेंनी उत्पन्न वाटून घ्यायचं ठरवलं आणि शर्यत थांबली. माणसं गमावल्यावर ही अक्कल आली याचं फार वाईट वाटतं.

दिवस पाचवा : हार्विच

लिव्हरपूल स्ट्रीटहून मॅनिंगट्रीला गाडी बदलून हार्विच टाउन, दीड तासाच्या आत. निघण्याआधी लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातलं कप्तान चार्ल्स फ्रायट यांचं स्मारक बघून घ्या. परतीच्या घाईत ते राहून जातं.

हार्विच टाउनजवळ पाण्याच्या कडेला लोखंडी सांगाडा उभा आहे. हा १९२४ साली सुरू झालेल्या, बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराकडे जाणाऱ्या रेल्वे-फेरीचा. इथे डोव्हरसारखी गोदी केली नाही. रुळांचा पूलच वजनं लावून वर-खाली करायचा आणि बोटीच्या उंचीला जुळवायचा. भरती-ओहोटीचा फरक डोव्हरपेक्षा कमी असल्यामुळे एवढ्यावर भागलं. बाजूला १८५३ चा हेपेनी पिअर आहे. तिथे भाजलेला कॉड आणि जाड बटाट्याचे तुकडे खात खाडीतली मालवाहू जहाजं बघत बसता येतं.

फ्रायट ग्रेट ईस्टर्न रेल्वेचे कप्तान, हार्विच-हॉलंड मार्गावरचे. मार्च १९१५ च्या सुरुवातीला 'रेक्सहॅम' बोट त्यांनी पाणबुडीच्या तावडीतून पळवून आणली, म्हणून रेल्वेने त्यांना सोन्याचं घड्याळ दिलं. २८ मार्चला 'ब्रसेल्स' बोटीवर असताना जर्मन यू-३३ पाणबुडी समोर आली. थांबायचा इशारा झुगारून त्यांनी बोट सरळ तिच्या अंगावर घातली आणि पाणबुडीला बुडी मारावी लागली. याबद्दल आरमाराकडूनही घड्याळ मिळालं, मागे कौतुकाचा मजकूर कोरलेलं. जून १९१६ मध्ये 'ब्रसेल्स' जर्मनांनी पकडली. बेल्जियममधल्या ब्रूज इथल्या खटल्यात घड्याळावरचा तो मजकूरच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरला. २७ जुलैला संध्याकाळी त्यांना गोळ्या घातल्या.

१९१९ च्या जुलैमध्ये त्यांचं शव डोव्हरला उतरवलं आणि साउथ ईस्टर्न अँड चॅटम रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून लंडनला नेलं. त्याच डब्यातून त्याआधी परिचारिका ईडिथ कॅव्हेल यांचं शव गेलं होतं, आणि पुढच्या वर्षी अनाम सैनिकाचं. डबा आज केंटमधल्या जुन्या वाफेच्या रेल्वेकडे जपलेला आहे. फ्रायट यांची कबर डव्हरकोर्टच्या ऑल सेंट्स चर्चच्या आवारात आहे. डव्हरकोर्ट स्टेशन हार्विच टाउनच्या एक स्टेशन अलीकडे, तिथून चर्चपर्यंत चालत जाता येतं. आवारात शिरल्यावर उभा उंच दगड दुरून ओळखू येतो.